स्क्रोल सॉसाठी प्लाय घेताना शिक्का नको, कापलेली कड बघा

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या दुकानदाराने 'एकदम वॉटरप्रूफ, बेस्ट माल' म्हणून ६ मिमीचा प्लाय दिला, आणि स्क्रोल सॉवर (बारीक ब्लेडनं नक्षी कापायची करवत) जाळी कापताना तो आतून पोकळ निघाला, वर दोन ब्लेडं तुटली. दुकानदार खोटं बोलला नसेल हो. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक किचनची ट्रॉली करायला येतं, त्याला भीती पाण्याची. आपल्याला भीती पोकळीची.

शीटवरचा शिक्का बघून घेऊ नका. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, आयएस ७१० म्हणजे मरीन, बोटींसारख्या पाण्यातल्या कामाचा. त्यावरून मुख्यतः कळतं ते गोंद पाण्यात किती टिकेल एवढंच. उलट मरीनमधला फिनॉलचा गोंद (कडेला काळपट रेघा दिसतात तो) इतका कडक असतो की बारीक ब्लेडची धार लवकर जाते. भिंतीवर टांगायच्या नक्षीला त्याची गरजच काय?

मी यात चांगला पोळलोय. सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी सात नंदीध्वजांची (यात्रेत मिरवतात त्या सात उंच काठ्यांची) रांग कापायला घेतली होती. ४ मिमी प्लाय, वरून आरशासारखा. तीन संध्याकाळी सहा काठ्या झाल्या. सातवीचं टोक जेमतेम ३ मिमी रुंद ठेवलं होतं, तिथं ब्लेड पोचलं आणि टक्कन आवाज. बघतो तर मधल्या थरातले दोन तुकडे एकमेकांना भिडलेलेच नाहीत, मध्ये बोटाच्या पेराएवढी फट. काठी नुसत्या वरच्या-खालच्या पापुद्र्यावर उभी! घरच्यांनी सहाच भिंतीवर लावा म्हणून सुचवलं. सोलापुरात सहा नंदीध्वज कोण लावतो?

तेव्हापासून अख्ख्या शीटची कड बघून मी काही ठरवत नाही. तिथं बऱ्याचदा फटींत लांबी (पुट्टी) भरून वर रंग फासलेला असतो. मी दुकानात सरळ म्हणतो, 'याच मालाचे कापून उरलेले तुकडे दाखवा.' ताज्या कापलेल्या कडेत सगळं उघडं पडतं: फटी, एकमेकांवर चढलेले थर, कुठं मऊ भुसभुशीत लाकूड. मग शीट आडवी ठेवून बोटाच्या गाठीनं टकटक करत फिरायचं. आवाज मध्येच बद्द आला की ती शीट परत.

खरं उत्तर मात्र बर्च प्लाय, म्हणजे थंड देशांतल्या बर्च झाडाच्या लाकडाचा. नेहमीच्या प्लायचा वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो, सँडपेपर दोनदा जोरात फिरवला की खालचा थर डोकावतो. चांगल्या बाल्टिक बर्चमध्ये सगळेच थर साधारण सारख्याच जाडीचे आणि बर्चचेच. ३ मिमीत तीन, ६ मिमीत पाच. शीट ८ बाय ४ ऐवजी बहुधा ५ बाय ५ फुटांची येते. प्लायच्या दुकानात मागितला तर 'तसलं नाही' ऐकायची तयारी ठेवा. त्यापेक्षा ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या लेझर कटिंगवाल्यांना गाठा. पोकळी आणि गोंदाचे गोळे त्यांनाही नडतात, त्यामुळे चांगला माल कुठून येतो ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. २ बाय २ फुटांचा तुकडाही देतात कधी कधी.

भंगारवाल्यांकडे परदेशी मशिनरीच्या पेट्यांचा प्लाय मिळाला तर तोही तपासा, नशीब असेल तर बर्च निघतो. आधी लोहचुंबक फिरवा, खिळ्याचं तुटकं टोक आत राहिलेलं असतं.

आणलेला माल भिंतीला टेकवून उभा करू नका. आपल्या एप्रिल-मेच्या ४० अंशांवरच्या कोरड्या उन्हाळ्यात ३ मिमीची शीट पापडासारखी वळते. आडवी ठेवा, वर सपाट वजन, आणि पत्र्याच्या खोलीत तर नकोच.

तुमचा उरलेला ६ मिमी फेकू नका. वरखाली मास्किंग टेप लावून सरळ रेषा आणि मोठी वळणं त्यावर गिरवा, किंवा नक्षीच्या मागची पाटी म्हणून चिकटवा. जाळी मात्र त्यात परत कापू नका.