सुपरवायझर जात बघून काम आणि ओव्हरटाइम वाटतो, याविरुद्ध तक्रार करता येते का?

करता येते. तुम्ही लिहिलंय की शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फाउंड्रीत मशीन शॉपचं काम आणि ओव्हरटाइम सुपरवायझरच्या जातीतल्या पोरांना मिळतो, आणि आयटीआय होऊनही तुम्हाला कायम फेटलिंगलाच, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायलाच, ठेवलंय. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात युनियनचं काम करताना मी हेच बघितलंय. नवा पोरगा आला की पहिला प्रश्न, "पाव्हणं कुठलं?" गाव आणि आडनाव कळलं की त्याची जागा ठरली. शिवी नाही, जातीचा उच्चार नाही. दुप्पट दराचा ओव्हरटाइम एकाच्या घरी जातो आणि ग्राइंडरची धूळ दुसऱ्याच्या छातीत. ओडिशा-बिहारच्या मुलांचं तर याहून वाईट. भट्टीसमोरची जागा त्यांचीच, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना राखून ठेवल्या, त्या करवीरात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, हे अजून चालावं याची मला चीड येते.

लोक तुम्हाला सांगतील, घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं, खाजगीत मालकाची मर्जी. पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. कामगार 'यूएलपी (अनफेअर लेबर प्रॅक्टिसची तक्रार) टाकली' म्हणतात ती याच कायद्याखाली. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पाचवी बाब सांगते की गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा आहे. इथं जातीचा उल्लेखच नाही, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. सुपरवायझरच्या मनात काय होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. तुमची लायकी त्या पोरांइतकी किंवा जास्त असून काम सतत त्यांनाच मिळालं, एवढं दाखवायचं.

म्हणून आजपासून वही ठेवा. तारीख, शिफ्ट, कुणाला कुठलं काम, ओव्हरटाइम कुणाला, सांगितलं कुणी. आयटीआयचं सर्टिफिकेट आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. मग व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार केली तर उद्या ती कुणालाच आठवत नाही.

घटनेपासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. युनियन नसली तरी एकट्या कामगाराला दाखल करता येते, आणि न्यायालय ही प्रथा थांबवायचा व भरपाईचा आदेश देऊ शकतं.

तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि त्यात नसलेल्या सुपरवायझरनं चारचौघांत जातीवाचक शिवी दिली, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो आणि ते प्रकरण पोलिसांकडं जातं. नुसता ओव्हरटाइम नाकारला म्हणून तो लावायला जाऊ नका. केस टिकणार नाही आणि खरी तक्रारही मागं पडेल.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: तुम्ही कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आहात की ठेकेदाराच्या? ठेकेदाराकडचे असाल आणि 'हा आमचा कामगारच नाही' असं कंपनी म्हणाली, तर २००१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार यूएलपी थेट चालत नाही. आधी कंपनी तुमची मालक आहे हे नातं ठरवून घ्यावं लागतं. त्यामुळं वकिलाकडं जाण्याआधी पगारपावतीवर आणि पीएफच्या नोंदीत मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघून घ्या.