विद्यार्थी म्हणून वसंत ऋतूत सध्या तुम्हाला कोणत्या छोट्या गोष्टींत आणि छंदांत आनंद मिळतो?

सध्या विचाराल तर पिंपळाची पालवी. बाकीचंही सांगते, पण पहिला मान तिचाच.

माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोरच्या खिडकीशी पिंपळाची एक फांदी अगदी हाताशी येते. जुनी पानं गळून गेली की डहाळीच्या टोकाला भाल्यासारखा निमुळता कोंब तेवढा उरतो. त्याच्यावर एक पातळ आवरण असतं आणि नवं पान त्याच्या आत गुंडाळलेलं असतं. कोंब फुगत जातो, मग एका सकाळी आवरण सुटून पडतं आणि पान बाहेर येतं. सुरुवातीला ते इतकं लुसलुशीत असतं की स्वतःचा भारही त्याला पेलवत नाही, देठापासून खाली लोंबत राहतं. रंग तांबूस, थोडा गुलाबीकडे झुकणारा, आणि अंगावर चकाकी. सकाळचं तिरपं ऊन त्याच्या मागून आलं की शीर न् शीर दिसते, आणि त्या लांबलचक टोकापर्यंत मधली शीर कशी पोचते तेही कळतं. पुढे हा तांबूसपणा ओसरतो, पान पोपटी होतं, ताठ होतं आणि मग नेहमीचं गडद हिरवं. गळून पडलेल्या आवरणाची आठवण म्हणून डहाळीभोवती एक बारीक कडं उरतं. बोट फिरवलं तर हाताला लागतं. मला हे कडं सापडलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. मग वडाची आणि उंबराची डहाळी पाहिली, तिथेही तेच! तिघंही एकाच कुळातली.

कोवळ्या पानांचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. हरितद्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे तो उठून दिसतो. झाड एवढा खटाटोप का करतं यावर एकमत नाही. नाजूक पेशींना कडक उन्हापासून आडोसा मिळतो असं काहीजण मानतात, तर पानं कुरतडणाऱ्या किड्यांना त्याने लांब ठेवता येतं असं काहीजण. मला पहिलं जास्त पटतं, पण वाचायला दोन्ही बाजू छान आहेत.

यातूनच दुसरा छंद लागला, नोंदवहीचा. रोज एक ओळ. कोंब फुटला, पान उलगडलं, फांदीवर अमुक पक्षी येऊन बसला, एवढंच. काहीच बदललं नसेल तर ‘आज बदल नाही’ असं लिहायचं. ही ओळ कंटाळवाणी वाटते खरी, पण पुढच्या वर्षी तारखा ताडून पाहताना तीच उपयोगी पडते. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 मध्ये अशाच नोंदी ठेवायला सुरुवात केली. कुठल्या झाडाला पालवी कधी फुटली, पहिली पाकोळी कधी दिसली, बेडूक कधी ओरडू लागले. त्याच्यामागे त्याच्या वंशजांनी हे काम 1958 पर्यंत चालू ठेवलं. तापमान वाढतं तशी पालवी किती लवकर फुटते याचा अभ्यास करणाऱ्यांना या वह्या आज मोलाच्या वाटतात. त्या माणसाला आपल्या वहीचा असा उपयोग होईल हे स्वप्नातही आलं नसेल. मला मात्र त्याहून जास्त आवडते ती त्याची चिकाटी, दरवर्षी त्याच गोष्टींची त्याच उत्सुकतेने वाट बघण्याची.

आता पक्षी. उजाडायच्या आधी उठून वाचायला बसते तेव्हा दयाळ गात असतो. थंडीत हा पक्षी आसपास असूनही फारसा जाणवत नाही. वसंत आला की नर एखाद्या उंच शेंड्यावर किंवा तारेवर जाऊन बसतो आणि सुरू करतो. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेली, आणि गाताना गळा थरथरतो तो खालूनही दिसतो. एकच लकेर घोकत नाही, फिरवून फिरवून नवी म्हणतो, मधेच दुसऱ्या पक्ष्याची नक्कल करतो. हा माझा इलाखा आहे आणि मी जोडीदार शोधतो आहे, असा दुहेरी निरोप त्यात असतो. पहाटे वारा पडलेला असतो, गोंगाट नसतो, त्यामुळे आवाज लांबवर जातो. दहा मिनिटं नुसतं ऐकलं की पुढचा तास-दीड तास वाचन चांगलं होतं, निदान माझं तरी. आवाज ओळखून देणारं मर्लिन नावाचं ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने बनवलेलं. ते जरूर वापरा. पण आधी स्वतः ऐका, मनाशी एक नाव धरा आणि मगच फोन उघडा. तसं केलं की आवाज कानात बसतो.

फुलं वाळवण्याचाही नाद आहे. खाली पडलेलीच घेते. टीपकागदात ठेवून वर जाड पुस्तकं रचायची आणि कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. जाड, मांसल पाकळ्या काळ्या पडतात. बोगनवेल सर्वांत सोपी, कारण तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नसून कागदासारखी पातळ पानंच असतात. खरं फूल म्हणजे मधली ती छोटी पांढुरकी नळी.

आणि रात्री तारे. हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण काहीही साहित्य लागत नाही आणि शहरातूनही जमतं. एप्रिलच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली की पूर्वेला एक ठळक, नारिंगी झाक असलेला तारा लागतो, तो स्वाती. कमान आणखी पुढे ओढली की आग्नेयेला निळसर पांढरी चित्रा. दोघींचे रंग नुसत्या डोळ्यांना वेगळे कळतात. आधी एकीकडे आणि लगेच दुसरीकडे बघितलं तर आणखी स्पष्ट.

स्वाती आपल्यापासून सुमारे 37 प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांत शिरणारा तो उजेड माझ्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला. चित्रेचा तर अडीचशे वर्षांपूर्वीचा. 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे लावायला स्वातीचाच प्रकाश वापरला होता. दुर्बिणीतून तो प्रकाशविद्युत घटावर पाडला आणि त्या विजेच्या इशाऱ्याने दिवे लागले. तेव्हा अंतर 40 प्रकाशवर्षं धरत, म्हणून त्याच शहरातल्या 1893 च्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला किरण आता पोचतोय अशी ती कल्पना होती. हिशेब थोडा चुकला, पण ज्याला हे सुचलं त्याला माझा मनापासून सलाम.

परीक्षेच्या दिवसांत हे सगळं कशाला, सुट्टी लागल्यावर कर, असं घरी आणि बाहेर दोन्हीकडे ऐकायला मिळतं. सुट्टी लागेपर्यंत पानं हिरवी झालेली असतात, म्हणून मी आत्ताच करते. यातल्या कुठल्याच गोष्टीला एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत, आणि त्या वेळात फोन हातात नसतो. अभ्यासाचं वेळापत्रक आखताना मी ही मिनिटं आधी लिहून टाकते, बाकीचे विषय त्यांच्याभोवती बसवते.

सुरुवात करायची तर झाडापासून करा. पिंपळच हवा असं नाही, पानं गाळणारं कुठलंही झाड चालेल. फक्त एखादी फांदी डोळ्यांच्या उंचीवर असलेलं निवडा आणि तिला दोऱ्याची सैलसर खूण बांधा. दुसऱ्या दिवशी नेमका तोच कोंब सापडायला हवा, नाहीतर बदल लक्षात येत नाही.