मेडल घासू नका, आधी कडा वाचा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा) : जुनं घर पाडताना माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांची दोन मेडल्स मिळाली. एक चांदीचं, पार काळं पडलेलं, दुसरं पितळेसारखं आणि त्यावर पंखवाली बाई आहे. घरात 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' एवढंच सांगतात. दिवाळीच्या आधी चिंच लावून चकचकीत करून फ्रेम करायचा विचार आहे, आणि त्यांची माहिती कुठे मिळेल?

उत्तर : आधी ती चिंच बाजूला ठेवा, कळकळीने सांगतोय. चांदीवरचा काळा थर म्हणजे तिचाच वरचा भाग हवेतल्या गंधकानं बदललेला असतो, तो घासून काढला की त्याबरोबर चांदीही जाते. आणि पहिलं झिजतं ते काय, तर कडेवर ठोकलेली बारीक अक्षरं. ती अक्षरंच तुमचे पणजोबा आहेत हो. मेडल तर सरकारनं लाखांनी काढली, चांदीचं ते ब्रिटिश वॉर मेडल आणि पंखवालीचं व्हिक्टरी मेडल, दोन्ही पहिल्या महायुद्धाची, पण त्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते, आणि तेवढ्यानं ते मेडल एकाच माणसाचं होतं.

खिडकीजवळ बसून तिरप्या उजेडात कडा फिरवत वाचा, मोबाईलनं जवळून फोटो काढा. पलटण १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ मराठा यापैकी असेल तर ती १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथे नंबर आणि पलटण लिहून रीतसर पत्र पाठवा. नुसता नंबर पाठवून उपयोग नाही, तेव्हा प्रत्येक पलटण आपापले नंबर द्यायची त्यामुळे एकच नंबर दहा जणांचा निघू शकतो. यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी कुत-अल-अमाराच्या (बसऱ्यासारखंच हेही आजच्या इराकमधलं गाव) वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि मग शरणागती, पुढे कैदेत कित्येक गेले. तुमच्या कडेवर यातला आकडा निघाला तर 'बसऱ्याला गेले होते' या एका वाक्यामागे काय असू शकतं ते बघा.

ते तिकडेच वारले असतील तर महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकासुद्धा आहे. फक्त स्पेलिंग कारकुनाच्या कानाचं, म्हणून कदम, सावंत, गायकवाड सगळं चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, साधे शिपाई नुसते आकड्यात मोजले, मला याचा आजही राग येतो. आता ती नावं कमिशनच्या यादीत बघता येतात. जिवंत परतले असतील तर मात्र या यादीत सापडणार नाहीत, म्हणून नाव नाही मिळालं तर हिरमुसू नका. गावात चावडीपाशी किंवा देवळाजवळ 'या गावातून महायुद्धाला इतके गेले' अशी संगमरवरी पाटी आहे का तेही बघा, त्यावर आकडाच असतो पण गावातली म्हातारी माणसं त्या आकड्यातली नावं सांगतात, ती आजच लिहून घ्या.

फ्रेम करायची तर गोंद, रबरबँड, साधा पीव्हीसी प्लास्टिकचा पाऊच नको. रबरात गंधक असतं, आणि पीव्हीसी पाऊच काही वर्षांनी चिकट होऊन धातूवर हिरवट डाग पाडतो. ॲसिड-फ्री कागदात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, रिबन फाटकी असली तरी तीच ठेवा.

प्रश्न (चिपळूण) : वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. त्यांची पत्रं, काही मोडीत आहेत, आणि लोकरीचा कोट २०२१ च्या पुरात वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. पत्रं लॅमिनेट करून घेऊ का?

उत्तर : ताई, लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की ते परत काढता येत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडतो. सेलोटेपही नको. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा, पत्रं सपाट ठेवा, ६०० डीपीआयला स्कॅन करून एक कॉपी गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे द्या, पूर पुन्हा येऊ शकतो. पाकिटं फेकू नका, त्यावरच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या नंबरवरून आणि तारखेवरून तुकडी कुठे होती ते काढता येतं. सेन्सॉरच्या भीतीनं जवान गावांची नावं लिहायचेच नाहीत, त्यामुळे पाकीट कधीकधी पत्रापेक्षा जास्त बोलतं. मोडीसाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. वडील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते का तेवढं बघा, कारण नाईक यशवंत घाडगे, ज्यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, ते त्याच बटालियनचे, आणि पत्रांच्या तारखा जुळल्या तर तुमच्याकडे फार मोठा ठेवा आहे.

कोटाला कसर लागली असेल तर पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका म्हणजे आत घाम धरत नाही. डांबर गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका.

प्रश्न (पुणे) : जुन्या बाजारात ब्रिटिश वॉर मेडल बघितलं, घ्यावं का? खोटं कसं ओळखायचं?

उत्तर : व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. खरं मेडल ३६ मिलिमीटरचं असतं, जुनं नाव घासून नवं टाकलेलं असेल तर व्यास कमी भरतो. नाव ठोकलेलं आहे की कोरलेलं तेही बघा, या मेडलवर ठोकलेलं असतं. घेतलंत तर त्या घराण्याचा शोध घ्या, पुष्कळदा वारसांना माहीतही नसतं, चांदीचा भाव चढला की किती मेडल्स सराफाच्या भट्टीत गेली असतील कोण जाणे. आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून पाठवू नका, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

प्रश्न (कोल्हापूर) : आजोबांच्या सामानात संगीन आणि एक तोफगोळ्यासारखी जड वस्तू आहे.

उत्तर : ती जड वस्तू हलवू नका, साफ करू नका, फोटोसाठी उचलू नका, पोलिसांना फोन करा, बॉम्बशोधक पथक येऊन बघेल. ऐंशी वर्षांचा गोळाही फुटू शकतो. संगिनीबद्दल त्याच वेळी पोलीस स्टेशनला लेखी विचारा आणि पोचपावती घ्या.