दसऱ्याला दारासाठी झेंडूचं तोरण घरीच स्वस्तात कसं करावं?

तयार तोरण घेऊच नका. तीन फुटी दाराला अर्धा किलो सुटा झेंडू, आंब्याची दहा-बारा पानं आणि जाड सुती दोरा पुरतो. फुलं खंडेनवमीला सकाळीच आणा, संध्याकाळी भाव चढतात. निवडताना देठाकडून दाबून पाहा. आत ओलसर, मऊ लागलं तर ते फूल काळं पडणार. फुलं धुऊ नका, पानं मात्र ओल्या फडक्याने पुसा.

दोरा दारापेक्षा हातभर जास्त आणि दुहेरी घ्या. सुई पाकळ्यांतून नाही, देठाजवळच्या हिरव्या गाठीतून आडवी घाला, म्हणजे फुलाचं तोंड समोर राहतं आणि पाकळ्या गळत नाहीत. चार-पाच फुलांनंतर एक पान, देठाकडून थोडं दुमडून, दोन्ही पदरांतून ओवा. एकाच पदरातून ओवलं की वाऱ्याने फिरतं.

कोकणात मध्ये भाताच्या लोंब्या आणि कुरडूचे तुरे बांधतात. मिळाले तर नक्की लावा, त्याने तोरणाला खरी शोभा येते.

उतरवल्यावर फुलं सावलीत वाळवा. पाकळीच्या बुडाशी काळं, काडीसारखं बी असतं. फुलं देशी वाणाची असतील तर ते पावसाळ्यात कुंडीत पेरा.