रूममेटने हॉलमध्ये कॉन्फेडरेट झेंडा लावलाय. हा वारसा की द्वेष?

तुम्ही लिहिलंय की अलाबामात शिकायला येऊन दोन महिने झालेत. रूममेटने हॉलच्या भिंतीवर लाल कापडावरची निळी फुली आणि पांढऱ्या चांदण्या असलेला कॉन्फेडरेट झेंडा लावलाय, म्हणजे १८६१-६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजेचा. विचारलं तर म्हणतो, हा आमचा वारसा आहे, द्वेष नाही. यात खरं काय आणि त्याला काही बोलावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

झेंडा द्वेषाचाच आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

२०१३ ते २०१६ मी साउथ कॅरोलायनात, स्पार्टनबर्गजवळ राहत होतो. चाकणच्या कंपनीने तिथल्या प्लँटवर पाठवलं होतं. शेजारी एक गोरे आजोबा राहायचे, सगळा जन्म कापडगिरणीत गेलेला. त्यांच्या ओसरीच्या खांबाला हाच झेंडा. फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याच रात्री बायकोला कळा सुरू झाल्या. माझी गाडी जागची हलेना. आजोबांनी स्वतः पिकअप काढली आणि आम्हाला हॉस्पिटलला पोचवलं. त्यांचं हे ऋण मी मानतो, आजही.

वर्षाने मुलाचा पहिला वाढदिवस. क्वालिटीत माझ्याबरोबर काम करणारी एक कृष्णवर्णीय बाई होती. त्या प्लँटमध्ये पहिले सहा महिने मला सांभाळून घेतलं ते तिने. तिला मुलांसकट बोलावलं होतं. खिडकीतून दिसलं, तिची गाडी आली, हळू झाली, दोन मिनिटं थांबली आणि पुढे निघून गेली. मग फोन आला. "त्या झेंड्याशेजारचं घर तुझं का?" मी म्हणालो, "अगं, ते आजोबा फार चांगले आहेत." ती म्हणाली, "तुझ्याशी असतील. माझी मुलं गाडीत आहेत. मी नाही येत." सोमवारी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेला छोटासा शर्ट होता. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. "ते चांगले आहेत" हे माझं वाक्य मला अजून टोचतं.

पुढच्या रविवारी मी आजोबांनाच विचारलं. ते मला चर्चच्या आवारात घेऊन गेले, पणजोबांचं थडगं दाखवलं. गरीब शेतकरी, घरात एकही गुलाम नाही, युद्धात एक पाय गेला. "हा झेंडा त्यांच्यासाठी," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पण मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या पणजोबांना सगळ्यात जास्त फसवलं ते त्यांच्याच कॉन्फेडरेट सरकारने. १८६२ मध्ये त्यांनी सक्तीची सैन्यभरती आणली आणि त्याच वर्षी वीस किंवा जास्त गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट दिली. मळेवाला घरी राहिला, पणजोबा लढायला गेले. आणि लढाई कशासाठी? साउथ कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना स्वतःच्या जाहीरनाम्यातच उत्तरेच्या गुलामगिरीविरोधाचं कारण दिलंय. त्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सवानामध्ये उघड म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच पायावर आमचं सरकार उभं आहे.

युद्ध १८६५ ला संपलं. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर हा झेंडा चढला १९६१-६२ मध्ये, नागरी हक्कांची चळवळ भरात असताना. जॉर्जियाने तो आपल्या राज्यध्वजात घातला १९५६ मध्ये, म्हणजे सुप्रीम कोर्टाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर दोन वर्षांनी. पणजोबांची आठवण नेमकी तेव्हाच कशी आली, हे तुमच्या रूममेटला विचारा.

१७ जून २०१५ ला साउथ कॅरोलायनातल्याच चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या मुलाने मारलं. त्याचे या झेंड्याबरोबरचे फोटो सापडले. विधानभवनाच्या घुमटावरचे दोन्ही ध्वज शोकात अर्ध्यावर उतरले, पण २००० मध्ये घुमटावरून समोरच्या आवारात हलवलेला हा झेंडा तसाच वर राहिला, कारण विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. १० जुलैला अखेर काढला. क्वालिटीतली ती बाई त्या दिवशी रजा टाकून राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला गेली होती.

माझा थोरला भाऊ याच्यावर दोन गोष्टी ऐकवतो. एक, मग आपलं स्वस्तिक? दादा, स्वस्तिक नाझींच्या आधी हजारो वर्षं दारावर होतं. हा झेंडा त्या फौजेसाठीच बनला, त्याला त्याआधीचं आयुष्यच नाही. दुसरं, आपला काय संबंध? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना संबंध दिसला. मी तर त्या झेंड्याच्या शेजारी राहत होतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, स्वतःच्या खोलीत झेंडा लावायला कायदा त्याला अडवत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. पण हॉलचं भाडं तुम्हीही भरता. तिथून काढ म्हणून सांगा, आणि पाहुणे यायच्या आधी सांगा. लावणारा प्रत्येक जण द्वेष करतो असं मी म्हणत नाही, आजोबा नव्हतेच तसे. तुमचा रूममेटही कदाचित नसेल.

दादा, तू हे वाचशील. त्या वाढदिवसाला तू व्हिडिओ कॉलवर होतास. म्हणालास, "एक पाहुणी नाही आली तर काय बिघडलं, शेजाऱ्याशी वाकडं घेऊ नकोस." नाही घेतलं मी. आम्ही तिथून निघेपर्यंत ती आमच्या घरी एकदाही आली नाही.