छाप कार्डावर पाहिजे

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोन न करता लिहून पाठवतो, कारण फोनवर तू मधातच 'हो काका, हो काका' करून राहतोस आणि मुद्दा तसाच राहून जातो.

तू विचारतोस, खेळाडूंच्या जुन्या कार्डांच्या नकला छापून मी मोबाइलवर विकतो, वर्णनाच्या शेवटी 'रीप्रिंट', म्हणजे पुन्हा छापलेलं, असं लिहितोच, मग पुढे कोणी ते कार्ड असली म्हणून विकलं तर माझा काय दोष? अरे, वर्णन तुझ्या मोबाइलमध्ये राहते, कार्ड निघून जाते. दर्यापूरहून पुण्याला, पुण्याहून आणखी कुठं, दहा वर्षांनी कोणाच्या कपाटातून कोणाच्या हातात. तेव्हा तुझं वर्णन कोण वाचणार आहे? छाप कार्डावर पाहिजे. 'रीप्रिंट' असा, मागच्या बाजूला, शाईत, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात.

नक्कल करणं वाईट, असं मी म्हणत नाही. मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉल खेळाडूचं, टॉप्स कंपनीनं 1952 मध्ये छापलेलं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. बेसबॉलच्याच होनस वॅगनरचं सिगारेटच्या पाकिटातलं, 1909 ते 1911 च्या मालिकेतलं कार्ड त्याच वर्षी साडेबहात्तर लाख डॉलरला. ज्याला त्या खेळाडूवर प्रेम आहे पण एवढा पैसा नाही, त्यानं दीडशे रुपयात नक्कल घेऊन टेबलावर ठेवली तर त्यात कोणाचं काय गेलं? खुद्द टॉप्स कंपनीनं 1983 मध्ये आपली 1952 ची मालिका पुन्हा छापली. पण कशी छापली ते पाहा. मूळ कार्ड 2⅝ बाय 3¾ इंचाचं होतं, नवं 2½ बाय 3½ चं केलं आणि मागे स्पष्ट छापलं की ही 1952 च्या मालिकेची पुनर्मुद्रित आवृत्ती आहे. स्वतःचाच माल, स्वतःचंच नाव, तरी माप बदललं आणि छाप टाकला. आणि तू म्हणतोस, मागे अक्षरं टाकली की 'लूक जाते'!

अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे. जुन्या नाण्याची नक्कल बनवायची तर नाण्यावरच 'कॉपी' असा ठसा लागतो. जाहिरातीत लिहिलं, बिलावर लिहिलं, हे चालत नाही. खेळाडूंच्या कार्डांना तो कायदा लागू नाही. म्हणजे इथं तुला कोणी पकडणार नाही, तुझं तुलाच ठरवायचं आहे.

आता तू पाठवलेल्या वॅगनरच्या नकलेच्या नमुन्याबद्दल. मी तो भिंगाखाली धरला. वॅगनरच्या असली कार्डावर खालचं नाव सलग शाईत उमटलेलं असते. तुझ्या कार्डावर ती अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आहेत, कडेला फवारा उडालेला दिसते. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरलं तर कागद निळा चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून जे रसायन घालतात, ते दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात नसायचं. म्हणजे जाणकार माणूस तुझ्या कार्डानं फसत नाही. मग फसते कोण? ज्याच्याजवळ भिंग नाही, दिवा नाही, फक्त मोबाइलवरचा फोटो आहे, तो. आपल्यासारखाच कोणीतरी.

आणि एक विचारतो, राग मानू नको. त्या कार्डाचे कोपरे तू घासले आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं आहे, काठावर डाग दिसून राहिला आहे. काहून? ज्याला रीप्रिंट पाहिजे, त्याला कोरं करकरीत कार्ड चालते. चहाचं पाणी कोणासाठी आहे, ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच तुला झोप येत नाही.

तू म्हणशील, काका जुन्या काळातले आहेत. असतील. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत मोठा झालो, पायानं चालवायची ट्रेडल मशीन चालवली, मग कर्ज काढून ऑफसेट मशीन आणली. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवत, छापलेल्या पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि गाव पाहिजेच. 1867 च्या कायद्यातच ते होतं. निवडणुकीच्या पत्रकाला आजही ते लागते. ज्यानं छापलं त्यानं लपायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका साली मृगाच्या तोंडावर माझा लहानपणापासूनचा दोस्त कपाशीच्या बियाण्याचं पाकीट घेऊन प्रेसवर आला. म्हणे, हुबेहूब असंच लेबल छापून दे, फक्त मुद्रकाची ओळ टाकू नको. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तू थोडीच बियाणं विकून राहिला? तुला फक्त कागद छापायचा आहे." बाबू, तुझ्या मेसेजमध्ये मला त्याचंच वाक्य दिसलं. शेतकरी पाकीट फोडून सरकी वावरात टाकते, ती उगवत नाही आणि दुबार पेरणीला त्याच्याजवळ पैसा नसते. त्या कागदावर विश्वास ठेवूनच त्यानं पाकीट घेतलेलं असते.

त्यानं ते लेबल दुसरीकडून छापून घेतलं. त्या दिवसापासून तो बोलत नाही, माझ्या पोरीच्या लग्नालाही आला नाही. सीझनचं मोठं काम गेलं, बँकेचे हप्ते थकले. मोठा मुलगा अजून म्हणते, बाबांच्या हट्टापायी प्रेस बसली. बसली असेल. पण मी छापलेल्या एकाही कागदानं कोणाचं वावर बुडालं नाही, हे मी कोणासमोरही सांगू शकतो. नकार दिल्याचं मला वाईट वाटत नाही. दोस्त गेल्याचं वाटते, आजही वाटते. हे दोन्ही एकाच छातीत राहते, त्याला इलाज नाही.

म्हणून सांगतो, छाप कार्डावर पाहिजे. 'विंटेज स्टाईल', 'जुन्या पेटीतला गठ्ठा' हे शब्दही वर्णनातून काढून टाक. अर्धं खरं बोलायला ते शब्द बरे पडतात. बिल मास्ट्रो नावाच्या अमेरिकेतल्या बड्या लिलाववाल्यानं तर वॅगनरच्या असली कार्डाच्या कडा कापून ते जास्त चांगलं दिसेल असं केलं आणि गोष्ट लपवली. 2013 मध्ये कोर्टात कबूल करावं लागलं, 2015 मध्ये लिलावांतल्या फसवणुकीसाठी वीस महिन्यांची कैद झाली. कार्ड असली होतं, तरी!

तुझा हात चांगला आहे, रंग जुळवतोस तसं या तालुक्यात कोणाला जमत नाही. मग दुसऱ्याचंच कशाला छापतोस? सी. के. नायडू 1895 मध्ये नागपुरात जन्मले. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान होते. 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरातच चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली आणि त्याच सामन्यात गावसकरनं वनडेतलं एकुलतं एक शतक ठोकलं. यांची कार्डं स्वतः काढ, स्वतःच्या नावानं, सालासकट. फोटो मात्र उचलू नको. आपल्याकडे फोटोवर प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क असते, 1987 चे फोटो अजून कोणाच्या तरी मालकीचे आहेत. खेळाडूच्या नावाचं, चेहऱ्याचं काय, ते अमरावतीला एखाद्या वकिलाला विचार.

'मागची बाजू कोरी ठेव, दुप्पट देतो' म्हणणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून लिही. कारण सांगत बसू नको, तो वाद घालेल आणि तू पघळशील. विकायची उरलेली जी कार्डं घरी आहेत, त्यांच्या मागे रबरी शिक्का मार. शिक्का मी बनवून देतो, पैसे नको. चहाच्या पाण्यातली फाडून टाक.

रविवारी प्रूफ घेऊन ये. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका