पार्किंगमध्ये बंपर फुटला, क्लेम घेतला तर पुढचा प्रीमियम किती वाढेल?

तुमची ११९७ सीसीची हॅचबॅक, रिव्हर्स घेताना मागचा बंपर सोसायटीच्या खांबाला लागून फुटला, वर्कशॉपने १४,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय आणि चालू पॉलिसीवर ४५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) आहे. एवढ्या माहितीवर माझं उत्तर: या बंपरसाठी क्लेम घेऊ नका. बहुतेक जण फक्त पुढच्या वर्षीची वाढ बघतात, पण एका क्लेमचा भुर्दंड पाच रिन्यूअलपर्यंत चालतो.

प्रीमियमचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं (१ जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये लागू झाले) आणि तुम्ही गाडी कितीही वेळा ठोकली तरी तो तुमच्यापुरता वाढत नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, कारण नो क्लेम बोनस तिथेच मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. चढताना एकेक पायरी, उतरताना मात्र थेट शून्य. क्लेम पाच हजारांचा असो की पाच लाखांचा, शून्य तेच.

पॉलिसी शेड्यूल उघडा. डाव्या किंवा वरच्या रकान्यात ओन डॅमेजचा मूळ आकडा असतो आणि खाली एनसीबी वजा केलेला दिसतो. वजाबाकीच्या आधीचा आकडा घ्या. तो १२,००० आहे असं धरू. क्लेम नाही घेतला तर पुढच्या वर्षी ५० टक्के सूट, म्हणजे ६,००० भराल आणि पुढेही तेवढेच. घेतला तर पहिल्या वर्षी पूर्ण १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६००, आणि सहाव्या रिन्यूअलला परत ६,०००. जादा गेलेले पैसे: ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६०० = १५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७,७००. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) दरवर्षी घटते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरेल. उलट, ओन डॅमेजचे दर २००७ पासून खुले आहेत, त्यामुळे क्लेम बघून कंपनी मूळ दरावरची आपली सूटही कमी करू शकते. ती एनसीबीपेक्षा वेगळी.

आता हातात काय येतं ते बघा. १४,५०० मध्ये बंपर ९,०००, पेंटिंग ४,००० आणि मजुरी १,५०० असेल असं धरू. प्लास्टिक, रबर, नायलॉनवर ५० टक्के घसारा कापतात, मग गाडी महिन्याभराची का असेना. म्हणजे बंपरचे ४,५०० गेले. पेंटिंगच्या बिलातला पाव भाग मटेरियल धरून त्याचा निम्मा कापतात, ५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम. हातात ८,५००. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर १३,५००. दोन्ही रकमा १७,७०० च्या आतच.

ढोबळ हिशेब हवा असेल तर असा: पुढच्या रिन्यूअलला ५० टक्के मिळणार असतील तर क्लेमची खरी किंमत एनसीबीआधीच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या जवळपास दीडपट असते. २५ टक्के मिळणार असतील तर साधारण एकपट. पहिलंच वर्ष चालू असेल, तर जेमतेम साठ टक्के. हातात येणारी रक्कम याच्या वर असेल तरच क्लेम करा. हे गणित पुढची पाच वर्षं दुसरा क्लेम होणार नाही असं धरून आहे. घाटातून रोज ये-जा असेल किंवा घरात कुणी नुकतं गाडी शिकत असेल तर ते इतकं कडक धरू नका. दरवाजा, फेंडर, हेडलॅम्प मिळून सत्तर-ऐंशी हजारांचं काम निघालं तर मात्र विचार करत बसायचं कारण नाही.

बंपर आणि जुने ओरखडे एकाच क्लेममध्ये करून घेऊ, असं वर्कशॉपवाला सुचवेल. क्लेमसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेयर धडकेची जागा आणि दिशा बघतो; मागच्या खांबाने पुढचा फेंडर कसा चेपला हे त्याला पटवणं अवघड. वेगळ्या घटना म्हणजे वेगळे क्लेम, प्रत्येकाला डिडक्टिबलही वेगळं. पण त्याच पॉलिसी वर्षात एक क्लेम आधीच झाला असेल तर दुसऱ्याने एनसीबी आणखी जात नाही, ती गेलेलीच असते. तेव्हा फक्त झीरो डेपची मर्यादा तपासा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वर्षात दोनच क्लेमना लागू असतं.

चूक कुणाची, याने एनसीबीला फरक पडत नाही. सिग्नलला उभ्या गाडीला मागून कुणी ठोकलं आणि तुम्ही तुमच्या पॉलिसीतून दुरुस्ती केली, तरी एनसीबी तुमचीच जाते. म्हणून छोट्या धडकेत समोरच्याकडून तिथल्या तिथे खर्च घेणं लोक पसंत करतात, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे.

एनसीबी प्रोटेक्टचं कव्हर आधीपासून असेल तर ठरलेल्या संख्येइतक्या क्लेमपर्यंत पायरी टिकते. ठोकल्यावर ते विकत घेता येत नाही.

क्लेम आधीच नोंदवला असेल तरी घाबरू नका. पैसे दिले गेले नसतील तर क्लेम नंबर टाकून माघारीचा ईमेल करा आणि तो शून्य रकमेवर बंद झाल्याचं लेखी मागा. नोंद उघडी राहिली की रिन्यूअल नोटिशीत एनसीबी शून्य छापून येते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर क्लेम न करताही ती जाते. आणि क्लेम घेतलाच, तर दुसऱ्या कंपनीत जाऊन ‘क्लेम नाही’ असं लिहू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेऊ शकते, आणि खोटं पकडलं गेलं की पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळी हात वर करते.